वर्षभराने काय उरतं

पोटावर लावलेलं जेल थंडगार होतं. हुस्ताने पोट आखडून घेतलं. "बाई, ओढ्याचं पाणी ओतलंत की काय?"

एदेलमिरा हसली नाही. तिचं सगळं लक्ष हातातल्या सोनोग्राफीच्या प्रोबकडे होतं. त्याच्या कडेला बोटाला लागणारी एक खूण असते. ती बाईच्या उजव्या अंगाला धरायची की डाव्या, हेच तिला आठवेना. गेल्या वर्षी सोनोग्राफीच्या शिबिरात सगळ्या नर्समध्ये तिचा पहिला नंबर आला होता. टाळ्या झाल्या, फोटो झाला. मशीन मात्र डोंगर चढून आलंच नाही. खालच्या इस्पितळाने ते ठेवून घेतलं. सुरुवातीला ती घरी साबणाची वडी स्वतःच्या पोटावर फिरवून सराव करायची. नवरा हसायला लागला, तसं तेही सुटलं.

आज लिमाहून डॉक्टर उगार्ते मशीन घेऊन आले होते. शिकवलेलं वर्षभराने किती उरतं, ते त्यांना तपासायचं होतं.

"सावकाश करा, सिस्टर," मांडीवर कागद घेऊन ते म्हणाले. "मी इथे नाहीच असं समजा."

पडद्यावर नुसता करडा धुरळा. मधूनच काहीतरी काळं येई आणि हात जरा हलला की निसटून जाई. हे डोकं, की भरलेलं मूत्राशय? एदेलमिराने डॉक्टरांकडे बघितलं.

"मला काही सांगता येणार नाही. चाचणी आहे."

हुस्ताला पडदा दिसत नव्हता. दिसत होता तो फक्त बाईंचा चेहरा.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "गेलं का ते?"

"नाही गं. छान आहे बाळ." पडद्यावरचं काहीच ओळखू येत नसताना एदेलमिरा बोलून गेली.

डॉक्टरांनी काहीतरी लिहिलं. मग कागद बाजूला ठेवून त्यांनी प्रोब स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर बाळाचं काळीज लुकलुकायला लागलं. बाळ खरंच जिवंत होतं. पण डॉक्टरांचा हात ओटीपोटाशी थांबला.

"ताई, मध्ये कधी रक्त गेलं होतं?"

"बटाटे काढताना. जरासंच. दुखलं नाही, मग कशाला बोलायचं?"

डॉक्टर एदेलमिराकडे वळले. "बाळाची वार पार खाली आहे. गर्भाशयाच्या तोंडावरच. इथे कळा सुरू झाल्या तर रक्त जाऊन मरेल ही. खालच्या इस्पितळात पाठवा हिला."

"तुम्हाला हे कधी दिसलं, डॉक्टर?"

"तुम्ही प्रोब ठेवलात तेव्हाच."

एदेलमिराचे कान तापले. राग स्वतःचा आला की त्यांचा, तिचं तिलाच कळेना.

मशीन आल्याचं ऐकून वरच्या वस्त्यांतल्या पोटुशा बायका चालत आल्या होत्या. अंगणात भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"एवढ्या बायका बघू या," एदेलमिरा म्हणाली. "हात मी फिरवते, तुम्ही चुका सांगा. आजच्या आज येईल मला परत."

"आज फक्त चाचणी. अजून बरीच गावं व्हायची आहेत." त्यांनी मशीन पेटीत ठेवलं आणि ते हात धुवायला गेले.

परत आले तेव्हा एदेलमिरा पेटी छातीशी धरून गाडीपाशी उभी होती.

"हुस्ताला गाडीत घ्या. मग पेटी देते."

"असं करता येत नाही. गाडीत फक्त आमची माणसं, नियम आहे."

"मग राहू दे पेटी इथेच."

तिने पकड सैल केली नाही. अंगणातल्या बायका एकेक करून उठून उभ्या राहिल्या. उगार्त्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि गाडीचं पुढचं दार उघडलं.

हुस्ता शालीचं गाठोडं घेऊन आत चढली. "बाई, माझ्या मेंढ्या तेवढ्या कुणीतरी आत घ्या," एवढंच म्हणाली.

पेटी मागच्या सीटवर गेली. गाडी सुरू झाल्यावर डॉक्टरांनी काच खाली केली. आवाज आता मऊ होता.

"मनाला लावून घेऊ नका, सिस्टर. सगळेच विसरतात. आम्हाला तेच तर दाखवून द्यायचंय."

गाडी वळणाआड गेली. एक भरल्या दिवसांची बाई पुढे आली.

"आणि आमचं कधी?"

"पुढच्या वर्षी येतील म्हणे."

बाईने आपल्या पोटाकडे बघितलं. "बरं झालं. तोवर हा आपल्या पायांनी चालत येईल तपासून घ्यायला."

सगळ्या बायका खो खो हसल्या. मग गाठोडी पाठीला बांधून डोंगर चढायला लागल्या.