शिराझ की कॅबरने

वाळूजच्या कंपनीतून आमची सहल नाशिकच्या द्राक्षबागेत गेली होती. वाइनच्या द्राक्षांच्या जाती मी आदल्या दिवशी मोबाईलवर वाचून ठेवल्या होत्या. ऑफिसातल्या नव्या मुलामुलींपुढं एका काळ्या घडाकडं बोट दाखवून मी ठणकावून सांगितलं, "ही शिराझ."

शेजारी घड तोडणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "नाय सायेब, ही कॅबरने हाय. पानाच्या खाचा बघा, भोकं पाडल्यावानी दिसत्यात."

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा," मी म्हणालो. सगळे हसले.

तेवढ्यात आमच्या मोठ्या साहेबांना घेऊन बागेचे मालक आले आणि त्या बाईंकडं हात करून म्हणाले,

"या आशाबाई. तुमच्याच भागातल्या, कन्नड तालुक्यातल्या. इथली निम्मी कलमं यांच्या हातची आहेत. नव्या माणसांना जाती ओळखायला याच शिकवतात," असं सांगून त्यांनी विचारलं, "काय आशाबाई, पाहुण्यांना कॅबरने ओळखता आली का?"

मी मान खाली घालून बुटांना लागलेली माती बघत राहिलो.



"व्हय की," आशाबाई म्हणाल्या, "या सायबांनी तर मी सांगायच्या आधीच वळखली."