घर मोडलं त्या संध्याकाळी

सिनेमाच्या तंबूत धानाचं तणस अंथरलं होतं. लटारू दोन लेकांच्या मधोमध बसला होता, आणि त्याचं गाठोडं त्याच्या मांडीवर होतं. गाठोडं गाडीत ठेव असं त्याला कोणी म्हटलं नव्हतं, आणि कोणाच्या गाडीत ठेवायचं हे त्याला विचारता आलं नव्हतं.

गाड्या बाहेर, सावली गावच्या बाजारात सोडल्या होत्या. सकाळीच घर मोडलं होतं. छपराचे कवेलू, फाटे, दारं, चौकटी, सगळं अर्धं अर्धं. लटारूनं भर जवानीत स्वतः तासलेले सागाचे खांब, तेही दोघांनी वाटून घेतले. थोरल्या नानाजीची गाडी त्याच्या सासुरवाडीकडे, सिंदेवाहीला जायची होती. धाकट्या इसरूची नदीपार, आलापल्लीला. इसरू तिथे जंगलखात्यात होता. आता आलापल्लीत सागाची काय वाण पडली होती म्हणा! पण बापाघरचा खांब कोण सोडतो?

घर मोडायला लटारूनंच हो म्हटलं होतं. त्याला वाटलं, खांब जातील तिथे बापही जाईल. खांब दोन वाटांनी चालले हे खरं, पण बापाला काही चिरता येत नाही, कोणीतरी एक जण नेईलच की! दिवसभर तो त्या एका बोलण्याची वाट पाहत राहिला. गाडीवर दोरखंड आवळताना, बैलांना पाणी पाजताना, भाकरी खाताना. दोघं पोरं बैलांशी बोलली, आपसात बोलली. उद्या सकाळी गाड्या दोन दिशांना लागणार होत्या.

आणि सावलीत पोचल्यावर इसरू म्हणाला काय, तर, "चाला, शिनेमा तं पाहून घेऊ. बा नं जल्मात नाई पाह्यला."

तंबू चांद्याहून आला होता. बाहेर इंजिन धडधडत होतं. पडद्याच्या पुढे पुरुष, पडद्याच्या मागे बाया. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवा लागायचा, आणि दुसरं चढेपर्यंत लोक बिड्या ओढून घ्यायचे.

पडद्यावर एक म्हातारा आला. पोरं कोटपाटलोणातली, सुना तोऱ्याच्या, आणि म्हातारा सगळ्यांना नकोसा. बोलणं सगळं हिंदीत होतं, पण त्यात कळायला काय लागतं? सुनेनं ताट आपटलं तेव्हा लटारूनं आपला पाय पोटाशी ओढून घेतला.

रीळ संपलं, दिवा लागला. नानाजीचे डोळे लाल झाले होते.

"काय पोरं आहेत बे हे!" तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानं नाक पुसत म्हणाला. "बापाले असं करते का कोणी?"

"किडे पडतीन त्याईले," इसरू म्हणाला. तो खरोखरच संतापला होता. खोटं कशाला सांगावं, दोघांचाही जीव त्या म्हाताऱ्यासाठी तुटत होता.

लटारूला कसं बरं वाटलं! आपली पोरं गुणाची आहेत, उगाच आपण दिवसभर जिवाला घोर लावून घेतला. बोलायला लाजत असतील, दुसरं काय? आता पुढचं रीळ संपलं की एक जण म्हणेलच, बा, माह्या गाडीत बस. त्यानं गाठोड्याची गाठ सोडून पुन्हा नीट बांधली.

दिवा विझला. पोरांनी म्हाताऱ्याला दाराबाहेर काढलं. वरून पाऊस कोसळत होता. म्हातारा बंद दारावर हात मारत होता, लेकांना नावानं हाका मारत होता, आणि आतून कोणी ओ देत नव्हतं. पडद्यामागे बाया हुंदके देऊ लागल्या. नानाजी तर लहान पोरासारखा रडत होता.

हे चित्र आहे, खरा माणूस नाही, असं इसरूनं बापाला आधीच बजावलं होतं. पण तो म्हातारा असा भिजत असताना हे कोणाच्या ध्यानात राहतं! लटारू गाठोड्यासकट उठून उभा राहिला.

"रडू नोको गा भाऊ!" तो ओरडला. "माह्या घरी चाल! माह्या घरी राह्य!"

आणि नेमकं तेव्हाच रीळ संपलं, दिवा लागला.

सगळा तंबू खो खो हसला. पुढचे लोक मागे वळून पाहू लागले. बिडी पेटवता पेटवता एक गडी म्हणाला, "वा बाबाजी! पण त्याले सापडन कसं? पत्ता तं सांगा! कुठी आहे तुमचं घर?"

विचारण्यात काही वाकडं नव्हतं. लोकांना म्हातारा आवडला होता. "सांगा, सांगा!" करून चारी बाजूंनी गलका झाला.

लटारूनं तोंड उघडलं. गावाचं नाव जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं, कारण तिथे आता खांब उपटलेले खड्डे होते. त्यानं नानाजीकडे पाहिलं. नानाजीचे गाल अजून ओले होते. मग इसरूकडे पाहिलं. कोणी एकानं सिंदेवाही म्हटलं असतं, नाहीतर आलापल्ली म्हटलं असतं, तरी झालं असतं.

"सांगा नं रे," तो हळूच म्हणाला. "कोणीबी सांगा. कुठी आहे घर?"

पडद्यावर आता काहीच नव्हतं, नुसतं पांढरं कापड. दोघं लेक मान न हलवता त्या कापडाकडे पाहत राहिले.