लाल डाग

भाचीला थर्मोडायनॅमिक्सचं जुनं पुस्तक हवं होतं, म्हणून मी मोबाइलवर तीन साइटवरच्या किमती पडताळून पाहत होते. एक प्रत फारच स्वस्त होती. खाली कारणही दिलं होतं : 'पहिल्या पानावर लाल डाग. बाकी कोरं, एकदाही वापरलेलं नाही.'

मी फोटो मोठा केला. डाग कुंकवाचा होता आणि त्याच्या वर माझ्याच हातचं वाकडं 'श्री' होतं. दसऱ्याला पूजेत ठेवून ते पुस्तक मी मुलाच्या हॉस्टेलवर पाठवलं होतं.

त्याला फोन लावला.

"जेवलास का रे?"

"हो. आता थर्मो घेऊन बसलोय, आई. परवा पेपर आहे."

"बरं, बस," मी म्हणाले.

फोन ठेवून मी ते पुस्तक विकत घेतलं. पत्ता त्याच्याच हॉस्टेलचा टाकला.