वडिलांकडची आजी

"घरात आणखी कुणाला झाला होता का कॅन्सर?" सोनोग्राफीचा फॉर्म भरता भरता डॉक्टर मेघालीनं विचारलं.

"दादीला," अक्सा म्हणाली. "छातीचाच. त्यातच गेली."

डॉक्टरचं पेन थबकलं. बत्तीस वर्षांची मुलगी, उजव्या छातीत बोराएवढी गाठ, आणि वर ही आजी. अक्सानं पंधरा दिवस धड जेवण केलं नव्हतं. जे दादीचं झालं तेच आपलं होणार, हे तिनं मनाशी धरूनच टाकलं होतं.

"म्हणजे वडिलांची आई. वडील आलेत ना? बोलवा त्यांना."

यहया आत आले. साठीचे गृहस्थ, भिवंडीत त्यांचे कापड विणायचे आठ लूम. लेकीच्या काळजीनं चेहरा पार उतरलेला.

"आजींना गाठ झाली तेव्हा वय किती होतं?"

"पंचावन असंल. दोन वर्षं लपवली तिनं. आम्हाला कळलं तेव्हा हातात काय राहिलंच न्हाय."

"नाव?"

"हौसा. हौसा बाळाराम. खारबावची."

डॉक्टरनं फॉर्मवरचं अक्साचं नाव वाचलं, मग यहयांच्या दाढीकडे पाहिलं. "काका, तुम्हाला जन्म कुणी दिला?"

"जन्म जुबैदानं दिला. पण मी झालो आणि तिला टायफॉईड. दोन महिने अंथरुणात. शेजारी हौसाईची सीता तान्ही होती. एका मांडीवर सीता, दुसऱ्या मांडीवर मी. आमच्यात दूध पाजलं की ती आईच, मॅडम."

मग ते थांबेचनात. हौसाई भात झोडून यायची, ओसरीवर बसायची आणि भाजलेला बोंबील, तांदळाची भाकरी आधी छोट्या यहयाच्या हातावर ठेवायची. सीता रुसली तर म्हणायची, तुला रोजचंच हाय, तो दिवसाआड येतो. तसा तो रोजच जायचा. ईदची नमाज झाली की घरी न जाता पहिलं तिच्याकडे. आता तिच्या घराच्या जागेवर गोदाम उभं आहे. "लई आठवते हो," ते म्हणाले.

डॉक्टर ऐकत राहिली. बाहेर चार पेशंट खोळंबले होते, तरी तिनं त्यांना मधे तोडलं नाही. मग अक्साकडे वळून म्हणाली, "हा आजार दुधातून येत नाही गं. चल, आत झोप, बघू या."

गार जेल लागलं तशी अक्सा दचकली. डॉक्टरनं दोनदा, तीनदा मशीन फिरवून नीट पाहिलं.

"पाण्याची गाठ आहे. साधी. सहा महिन्यांनी पुन्हा ये, तोवर पोटभर जेव."

अक्सा कपडे सावरून बाहेर आली आणि बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. यहयांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांना हायसं वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

कारण डॉक्टरनं फॉर्म बाजूला सारून विचारलं, "काका, त्या सीताबाई कुठे असतात? हौसाबाईंच्या पोटची मुलगी म्हणजे काळजी घ्यायला हवी ती त्यांची. मॅमोग्राफी केलीय त्यांनी कधी?"

पंधरा दिवस सगळं घर अक्साच्या नावानं रडत होतं, आणि सीता कुणाच्या डोक्यातही आली नव्हती. त्यांनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला.

"सीते, उद्या दवाखान्यात जायचंय. छातीचा फोटो काढायला."

"मला काय झालंय?" पलीकडून सीताबाई म्हणाली. "आणि घरी कोन हाय न्यायला? पोरगा मनोज ड्युटीवर, सून माहेरी."

यहयांनी डोळे पुसले.

"आईच्या वेळी आपल्याला उशीर झाला, सीते. उद्या सात वाजता मी तुझ्या दारात हाय."