शंखातला मोती

विशाखापट्टणमला नोकरीला लागलेल्या रजतने रामपायलीला आईसाठी, गोदाबाईंसाठी, शंख पाठवला आणि फोनवर गमतीत म्हणाला, "आई, शंखातली गोगलगायही मोती बनवते. याच्यातही निघन एखादा."

तेव्हापासून दर रविवारी शेजारच्या मंजुषाकडे त्याचा फोन आला, की पहिला प्रश्न ठरलेला. "झाला का मोती?"

"नाही रे बापा. रोज मिठाचं पाणी भरून राह्यली मी त्याच्यात," गोदाबाई सांगायच्या. तो खूप हसायचा.

एका रविवारी मंजुषाला राहवलं नाही. "काकू, त्यातली गोगलगाय कधीच मेली. रिकाम्या शंखात मोती कुठून येईन?"



"माहीत आहे वं मले. पण त्याले नको सांगू. तेवढं विचारायलेच तो फोन करते."