आखूड बाही

"कोळ्याला पाय किती?" निवेदिकेनं विचारलं आणि आजोबांच्या ओठावर उत्तर येऊन बसलं.

पण घंटा वाजेना. खेळाचा नियमच तसा होता. घंटा लेकरानं वाजवायची, उत्तर मोठ्या माणसानं द्यायचं, आणि घंटा वाजेपर्यंत दोघांनी आपसात चकार शब्द काढायचा नाही. नात मात्र घंटेवर तळहात अधांतरी धरून नुसती बसली होती. पलीकडच्या टेबलाला एक चष्मेवाला पोरगा आणि त्याची आत्या. त्या पोराचा हात हळूहळू घंटेकडे सरकायला लागला.

आजोबांनी भुवया उडवल्या. खाकरून पाहिलं. पोरगी ढिम्म. उलट तिनं बारीकशी मान हलवली, नाही म्हणून.

आजोबांच्या जिवाची तगमग झाली. गुण बरोबरीत होते. दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्यांनी माप घेता घेता सांगून ठेवलं होतं, "टीव्ही लावून बसा. बक्षीस घेतल्याशिवाय हा शिंपी काही परत यायचा नाही." आता त्याच गिऱ्हाइकांना तोंड कसं दाखवायचं?

खुर्चीमागून त्यांचा हात गेला आणि त्यांनी नातीच्या दंडाला चिमटा काढला. आयुष्यभर कात्री चालवलेली बोटं ती. पोरगी कळवळली. तळहात घंटेवर आदळला.

"सहा!" आजोबा छाती काढून म्हणाले.

"अरेरे! आठ हो आजोबा, आठ!" निवेदिका हळहळली. समोर बसलेली माणसंही हळहळली. "असू दे, अजून शेवटचा प्रश्न बाकी आहे. एवढ्यात येतोच आपण."

दिवे मंद झाले. नात खाली बघत म्हणाली, "म्हणून मी वाजवत नव्हते. घरीपण तुम्ही सहाच म्हणता."

"मग सांगायचं नाही होय?"

"बोलायचं नसतं ना."

पावडरीचा डबा घेऊन रंगभूषा करणारी बाई आली. तिनं आजोबांच्या कपाळावरचा घाम टिपला, मग पोरीकडे वळली आणि थांबली.

"अगं बाई, हे काय झालं दंडाला?"

"खुर्चीला घासलं," नात म्हणाली. पटकन, जराही न अडखळता.

"अस्सं. खुर्चीला नखं असतात वाटतं."

बाई त्या लाल डागावर पावडर थापू लागली. एक थर दिला, बोटानं पसरला, वर दुसरा दिला. डाग फिका झाला, पण जाईना.

"बाही बोटभर लांब असती ना, तर झाकला असता. कुणी शिवलाय गं फ्रॉक?"

"आजोबांनी. आजच्यासाठी."

"छान शिवलाय," बाई म्हणाली, आणि आजोबांकडे न बघताच पुढच्या टेबलाकडे गेली.

माझ्या हातून झालं, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. पण टाचण्या तोंडात धरून बसावं तसे त्यांचे ओठ मिटलेले राहिले. बाई दूर गेली तेव्हा कुठे ते सुटले.

"दुखतंय का गं, चिमणे?"

"नाही."

आणि तिनं दंड अंगाशी घट्ट घेतला.

दिवे पुन्हा लागले. निवेदिका हसत पुढं आली. "तर मंडळी, शेवटचा प्रश्न! जगातलं सगळ्यात—"

टण्ण!

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग अख्खं सभागृह हसायला लागलं. चष्मेवाला पोरगाही फिदीफिदी हसला.

"अगं अगं, प्रश्न तरी पुरता ऐकशील की नाही? केवढी ही घाई!" निवेदिकेनं डोळे पुसल्यासारखं केलं. "बघा बरं मंडळी, आजोबांवर केवढा विश्वास आहे पोरीचा! एकदा टाळ्या होऊन जाऊ द्या!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. नात निवेदिकेकडे बघत नव्हती, घंटेकडेही नाही. तिची नजर आजोबांच्या हातावर होती.

आजोबांनी दोन्ही हात उचलून टेबलावर उघडे ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. तरी तिची नजर हलेना. लाज अशी वाटली, की धरणी पोटात घेईल तर बरं. तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी समोर पाहिलं.

पहिल्याच रांगेत त्यांची लेक बसली होती, पोरीची आई. आजूबाजूचे सगळे हसत होते, टाळ्या वाजवत होते. ती एकटी वाजवत नव्हती. एकटक पोरीकडे बघत होती, आणि तिचा उजवा हात तिच्या नकळत वर जाऊन स्वतःचाच डावा दंड चोळत होता.

"बोला आजोबा," निवेदिका म्हणाली. "तुमचं उत्तर?"