दोरीभर जास्त

नेकनूरच्या शिवारात कडूबाई आणि बबिता यांची रानं एकाच बांधाला लागून होती. बांध कोरल्याच्या संशयावरून दोघी बारा वर्षं एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. यंदा मात्र भांडणाचाच कंटाळा आला आणि त्यांनी ठरवलं, की आपापलं रान दोरीनं मोजायचं आणि मधे दगड रोवून मोकळं व्हायचं.

कडूबाईचं रान कागदावरच्यापेक्षा दोरीभर जास्त भरलं. मन खाऊ लागलं, म्हणून तिनं बबिताला खरं सांगून टाकलं.

बबिता हसली. "अवो आक्का, माजंबी दोरीभर वाढलंय! कुनाचंच कमी न्हाई झालं."

त्या दिवसापासून दोघी दुपारची भाकरी बांधावर एकत्र खाऊ लागल्या. कडूबाईला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. गंमत म्हणून त्यांनी पुन्हा मोजलं, तर दोन्ही रानं आणखी तीन-तीन दोऱ्या वाढली होती.

"वाडू दे की," कडूबाई म्हणाली.

सोमवारी दुपारी ती बांधावर येऊन बसली. पलीकडून बबिता फडक्यात भाकरी बांधून निघालेली दिसली. "आलेच, आक्का!" तिनं हात केला.

बबिता झपाझप चालत होती. कडूबाईची सावली पायाखालून निघून लांबत गेली, तरी बबिता होती तेवढीच दूर होती, आणि चालतच होती.

"थांबा आक्का, आलेच!" आवाज आता धाग्याएवढा बारीक येत होता.

कडूबाई उठली आणि घराकडे वळली. सकाळी हाकेच्या अंतरावर असलेलं तिचं पत्र्याचं घर तिळाएवढं दिसत होतं.